तोरणाखालची झडती

पावसाची झड उघडली आणि दुसऱ्या सकाळी सगळं गाव कपाशीत शिरलं. तण गुडघ्याला लागलं होतं. पोळा जवळ आला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशीच्या खांदशेकणीपासून बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, म्हणजे डवरणी, बैलांच्या डवऱ्यानं तण काढायचं काम, त्याच्या आत उरकली पाहिजे. जैनथपासून पैनगंगेपर्यंत जिकडं पाहावं तिकडं डवऱ्याच्या मागं माणसं आणि माणसांच्या मागं बगळे.

नागोराव धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसला होता. बसून बसून त्याचा जीव चालला होता. समोर त्याचा मुलगा भूषण डवरा हाकत होता आणि ओळीओळीला कपाशीची झाडं मोडत होता.

"उजवीकडं दाब! उजवीकडं!" नागोराव ओरडला.

भूषणनं बैल थांबवले. "काय म्हणता बाबा?"

बोलणं आता असंच झालं होतं. होळीच्या आधी नागपुरात नागोरावच्या तोंडाचं ऑपरेशन झालं. डाव्या गालात कॅन्सरची गाठ होती ती काढली, जबड्याचा तुकडा काढला, मानेतल्या गाठी काढल्या आणि उघड्या पडलेल्या जागी छातीचं मांस वळवून ठिगळ लावलं. रोग निघाला, असं डॉक्टर म्हणाले. लाईट, म्हणजे किरणांचा शेक, द्यायचीही गरज पडली नाही. पण रोग गेला तरी आधीचं काही परत आलं नाही. तोंड दोन बोटांपलीकडं उघडत नव्हतं. लाळ कधी गळाली ते डाव्या ओठाला कळत नव्हतं. गळ्यात दुपट्टा कायमचा आला होता, पुसायला. आणि शब्द बाहेर यायचे ते गोधडीखालून यावेत तसे.

"सरक," नागोराव म्हणाला आणि उठून ओळींमधल्या तासात उतरला.

"बाबा, डॉक्टरनं..."

"सरक म्हणतो ना!"

एवढं भूषणला समजलं. तो बाजूला झाला.

नागोरावनं उजव्या हातानं डवऱ्याचं रुमणं धरलं आणि पाय रोवले. पायाखालची काळी माती थंड होती. अंगात काहीतरी सळसळलं. नेहमीसारखं त्यानं गालाच्या कोपऱ्यातून चुटकी मारावी तसा आवाज काढायला तोंड आवळलं. हौश्या आणि कैऱ्या हे बैल लहानपणापासून त्या आवाजावर चालत. आवाज आला नाही. नुसती हवा आली आणि थोडी लाळ.

बैलांनी कान मागं केले. उभेच राहिले.

त्यानं पुन्हा केलं. पुन्हा हवा. भूषण खाली मान घालून तण उपटू लागला, जणू त्यानं पाहिलंच नाही. ते नागोरावला जास्त लागलं.

मग त्यानं गळ्यातून, खोलवरून, "हूंऽऽ" केलं. कैऱ्यानं मान हलवली. "हूंऽऽ!" कैऱ्यानं पाय उचलला. हौश्यानं कैऱ्याकडं पाहून उचलला. डवऱ्याची पास मातीत शिरली, तण कराकरा तुटायला लागलं आणि नागोरावच्या डोळ्यांत पाणी आलं. दुपारपर्यंत बैलांना नवा आवाज पाठ झाला. एक झाड मोडलं नाही.

पण डावा हात वर उचलत नव्हता. खांदा खाली ओघळला होता, आणि प्रत्येक वळणावर डवरा उचलून फिरवताना मानेपासून कोपरापर्यंत कोणी आतून दोरी पिळावी तसं होत होतं. ऑपरेशन तोंडाचं, खांदा काऊन दुखते, हे त्याला कळत नव्हतं. जुवानं बैलाचा खांदा सुजतो, तसं काही तरी असेल म्हणून तो गप्प बसला.

बाजूच्या धुऱ्यावरून चंपत आपली जोडी घेऊन चालला होता. चंपत त्याच्याच वयाचा. डोक्याला तांबडा दुपट्टा करकचून बांधलेला. खाली एक केस नाही, म्हणून तो झोपतानाही दुपट्टा सोडत नाही, असं सगळं गाव म्हणायचं.

"काय नागो, डवरा धरला! मले वाटलं आता बाज धरली."

"बाज तुह्या बापाले दे," नागोराव म्हणाला.

"माहा बाप गेला, त्याची बाज मीच वापरतो." चंपत हसला. "मंग औंदा झडतीचं काय? तोरणाखाली मी एकटाच बोंबलू का?"

नागोराव थांबला. "मी म्हणन."

"म्हण ना. पण तयारी करून ये. मी दोन महिन्यापासून जुळवून ठेवली. तुह्यावरच हाय."

तो गेला. भूषणनं विचारलं, "बाबा, तुमी काय म्हणलं त्यायले?" त्याला वडिलांचं एक वाक्य समजलं नव्हतं. चंपतला सगळं समजलं होतं. पण तेव्हा हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पोळ्याला जोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या की एकेकानं पुढं होऊन झडती म्हणायची. जुळवलेल्या चार ओळी, समोरच्याला टोमणा, आणि शेवटी सगळ्या गावानं हर हर महादेव. इतकी वर्षं एका बाजूनं चंपत आणि दुसऱ्या बाजूनं नागोराव. लोक जोड्या पाहायला नाही, या दोघांना ऐकायला यायचे. तलमडगूकडचे पाहुणेसुद्धा त्या दिवशी गावात मुक्कामाला असायचे. ऑपरेशनच्या टेबलावर घेताना नागोरावनं डॉक्टरला एकच विचारलं होतं: पोळ्याच्या आत बोलता येईल ना? डॉक्टरला काय कळलं कोण जाणे, त्यानं हो म्हटलं होतं.

*

जैनथच्या बाजाराला नागोराव आणि त्याची बायको मथुराबाई ऑटोनं गेली. पोळ्याचा साज घ्यायचा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दुकानं लागली होती. गोंडे, बेगड, घुंगरमाळा, रंगाचे डबे, नव्या वेसणी. मराठी, तेलुगू, हिंदी असा तिन्हीचा कालवा. नागोराव पोरासारखा दुकानादुकानात शिरत होता. एक गोंडा उचलायचा, झटकून पाहायचा, सुताची गाठ दातानं तपासायला तोंडाकडं न्यायचा आणि आठवण होऊन खाली घ्यायचा.

"लाल घ्या," मथुराबाई म्हणाली.

"मागच्या साली चंपतनं लाल घेतले. पिवळे पाहिजे. आणि निळी झूल."

"कैऱ्या काळपट हाय, त्याच्यावर निळं काय दिसन?"

"दिसन! उन्हात दिसन!" त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली. तिनं बोलता बोलता दुपट्ट्याच्या टोकानं ती पुसली आणि दुकानदाराला म्हणाली, "पिवळे दाखवा. आणि हे काय भाव लावला? सोन्याचं सूत हाय का?"

दुकानदार तेलुगू होता, पण भाव करण्यापुरती मराठी त्याला येत होती. नागोराव काही म्हणाला की तो मथुराबाईकडं बघायचा. "पेद्दायना, मोठे बाबा, काय बोलते?" ती सांगायची. एकदा नागोराव म्हणाला, लुटतो साला. तिनं सांगितलं, "माल चांगला हाय म्हणते."

चहाच्या हॉटेलात बाकावर बसले. पोऱ्यानं सगळ्यांना काचेच्या गिलासात चहा दिला आणि नागोरावपुढं कागदाचा कप ठेवला. शेजारी बसलेला एक माणूस नागोरावची मान, तिथला लांब व्रण, खाली ओघळलेला गाल पाहत होता. तो हळूच सरकला. मग मथुराबाईला विचारलं, "बाई, हे असं... लागते का दुसऱ्याले?"

"लागते ना," मथुराबाई म्हणाली. "तुमच्या खिशात तो तंबाखूचा खर्रा हाय ना पुडीत, तो खाल्ला का लागते."

बाकावरची दोघं तिघं हसली. त्या माणसानं खिसा हातानं दाबला आणि चहा तसाच ठेवून उठला. नागोराव हसला नाही. त्यानं कप उचलला, पण प्याला नाही. सगळ्यांसमोर प्यायलं की अर्धा चहा हनुवटीवरून जायचा.

*

घरीही तो आता पंगतीत बसत नव्हता. गोठ्यात दावणीजवळ भिंतीकडं तोंड करून बसायचा. सून मीनल त्याला ज्वारीच्या कण्या ताकात मऊ शिजवून द्यायची. आधी तो एक मोठी वाटी खायचा. आता अर्धी. मग पाव.

"मामाजी, आणखी आणू?"

तो हात हलवायचा.

कारण वेगळं होतं. कोणाला सांगितलेलं नव्हतं.

पाऊस लागला त्या सुमाराला त्याला डाव्या गालात, आतून, काहीतरी टोचायला लागलं. घासात बैलाचा केस आला असेल, असं त्याला वाटलं. बोट घालून ओढला. निघेना. केस बारीक नव्हता. आणि तो गालाला चिकटलेला नव्हता, गालातून आला होता. पुढं एकाचे अनेक झाले. कण्यांचे दाणे त्यात अडकायचे, वास यायचा. गिळताना घशापर्यंत गुदगुल्या होऊन ओकारी यायची. म्हणून त्यानं खाणंच कमी केलं. एकदा गावात एक गाय झुरून मेली होती, तिच्या पोटातून केसांचा गोळा निघाला होता. तेव्हा नागोरावनं तो काठीनं उलटा करून पाहिला होता. आता रोज घास घेताना त्याला तो गोळा दिसायचा. रोग परत आला, आणि या खेपेला केस घेऊन आला.

सांगितलं असतं तर? भूषण त्याच दिवशी गाडीत घालून नागपूरला घेऊन गेला असता. तिथं तपासण्या, वाट पाहणं, खाटेवर आडवं होणं. पोळा निघून गेला असता. पोळा होऊ दे, मग काय व्हायचं ते होऊ दे. तोंड तोरणाखाली एकदा उघडू दे.

तो वावरात एकटा असला की झडती जुळवायचा. बैलांना म्हणून दाखवायचा. पण चंपतवर काय बोलावं, ते सुचत नव्हतं. जुनी झालेली, शिळी वाक्यं यायची. डोकं जड व्हायचं, थकवा यायचा, आणि तो तासातच बसकण मारायचा.

मथुराबाई बघत होती. तिनं एकदा मीनलला म्हटलं, "हा माणूस मले काही लपवून राह्यला."

"काय लपवतील, आत्याबाई?"

"तेच तं. लपवाले उरलंच काय याच्यापाशी?"

*

खांदशेकणीच्या दिवशी दुपारीच डवरणी संपली. भूषण पळसाची पानं घेऊन आला. बैल नदीवर धुतले, शिंगं घासली. ऊन कलताना अंगणात दोघांना उभं केलं. मीनलनं तुपात हळद कालवून वाटी आणली, आणि कोमट पाण्याचं भांडं. मथुराबाईनं पळसाच्या पानानं कैऱ्याचा खांदा शेकला, मग हौश्याचा. जिथं वर्षभर जू बसतं तिथली कातडी निबर झाली होती. तिनं तिथं तूपहळद चोळली. बैलांनी डोळे मिटले.

"वर्षभर राबले," ती त्यांच्या कानात म्हणाली. "उद्या तुमाले जेवाचं आवतन हाय. पुरणाचं. दोघंबी या."

नागोराव बाजूच्या खाटल्यावर बसून पाहत होता. उजव्या हातानं डावा खांदा दाबून धरला होता. तिनं ते पाहिलं. वाटीत तूपहळद उरली होती. ती त्याच्या मागं आली आणि काही न विचारता त्याच्या सदऱ्याची गुंडी काढून खांदा उघडा केला.

"काय करून राह्यली? पोरं पाहते!"

"पाहू दे. बैलाचा खांदा शेकला, तुमी तं त्यायच्याहून जास्त वर्षं ओढलं."

तिनं पळसाचं पान पाण्यात बुडवून खांद्यावर ठेवलं. तो कळवळला. तिनं हात काढला नाही. खांद्याच्या मागचं मांस गळून गेलं होतं, नुसतं हाड. "एवढं दुखते आणि सांगत काऊन नाही?"

"तुमालेबी आवतन हाय," ती बैलांना म्हटलं त्याच सुरात पुढं म्हणाली. "उद्या जेवाले या. गोठ्यात नाही. घरात, सगळ्यायसंगं, पंगतीत."

काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं आणि कलतं ऊन सरळ त्याच्या तोंडात पडलं. ती पुढून वाकली होती.

"थांबा."

त्यानं तोंड मिटलं.

"तोंड उघडा."

"नाही."

"नागपूरच्या डाक्टरपुढं उघडत होते, माह्यापुढं नाही? उघडा!"

आवाज असा होता की कैऱ्यानंही मान वर केली. नागोरावनं तोंड उघडलं. दोनच बोटं. ती वाकून पाहत राहिली.

"भूषण," ती हळू म्हणाली. "मोबाईलची बत्ती आण."

भूषणनं बत्ती धरली. तिघांनी पाहिलं. डाव्या गालाच्या आतल्या ठिगळावर काळे-पांढरे केस होते. चांगले, दाट.

नागोरावनं तोंड मिटलं. "पोळा होऊ द्या," तो म्हणाला. "मंग नेजा कुठं नेता ते." आणि हे अख्खं वाक्य, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, भूषणला एका झटक्यात समजलं.

भूषणनं नागपूरच्या दवाखान्यातल्या रंजीता सिस्टरला फोन लावला. ड्रेसिंग शिकवणारी सिस्टर ती. मीनलनं फोन मोठ्या आवाजावर करायला लावला.

"तोंडात केस? आतून?" पलीकडून आवाज आला. "रक्त येते का? जखम आहे का? नवीन गाठ?"

"नाही... फक्त केस."

"आजोबांच्या छातीवर केस आहेत का?"

भूषणनं वडिलांकडं पाहिलं. उघड्या सदऱ्यातून छाती दिसत होती. एका बाजूला ऑपरेशनचा व्रण, दुसऱ्या बाजूला जंगल.

"हायेत. लय हायेत."

"मग तेच! अहो, छातीवरचं कातडं आणि मांस उचलून गालात बसवलं आहे. कातडं छातीचं, तर केस छातीचेच येणार ना? गालात बसवलं म्हणून त्याला काय कळतं?"

मग मथुराबाईच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला. ती रडते असं मीनलला वाटलं. ती हसत होती.

"मी दवाखान्यातून सुट्टी दिली त्या दिवशी सांगितलं होतं तुम्हाला," सिस्टर म्हणत होती.

"तवा आमी ऑटो पाहून राह्यलो होतो," भूषण म्हणाला.

"बरं. ओढू नका, बारीक कैचीनं कापा, रोज चूळ भरवा. आणि पोळा झाला की दाखवायला आणाच, ते टाळू नका. खांदा कसा आहे?"

"दुखते म्हणते. वर होत नाही."

"मानेतल्या गाठी काढताना तिथली नस दुखावते. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सांगितला होता. करतात का? नाही ना? आजोबा, दुखतं ते सांगायचं असतं! आम्हाला स्वप्न पडत नाही!"

"सांगतो," नागोराव म्हणाला.

"काय म्हणाले?"

"सांगन म्हणते," चौघांपैकी तिघं एकदम बोलले.

फोन बंद झाला. मथुराबाई अजून हसत होती, पदर तोंडात कोंबून. "माहेरी सगळ्या म्हणत होत्या, अस्वल पाहून दिलं. आता अस्वल आतूनबी उगवलं!"

नागोराव आधी रागावला. मग त्याच्या पोटातून ते उठलं. हसताना तोंड वेडंवाकडं व्हायचं म्हणून तो हसणं टाळत होता. आता टाळता आलं नाही. लाळ गळाली, डोळे गळाले. हौश्या त्याच्याकडं बघत राहिला.

हसता हसता तो एकदम थांबला. बोट वर केलं.

"काय झालं?" मथुराबाई घाबरली.

"सुचली," तो म्हणाला. "चंपतची सुचली!"

*

पोळ्याच्या सकाळी मीनलनं नखं कापायच्या बारीक कैचीनं त्याच्या गालातले केस कापले. भूषणनं बत्ती धरली. "मामाजी, हलू नका. पहिल्यांदा असं वावर डवरून राह्यले मी." तो हलला नाही. चूळ भरल्यावर त्यानं मीठ घातलेल्या कण्या मागितल्या आणि पूर्ण वाटी खाल्ली.

मग गोठ्यात धांदल उडाली. शिंगांना हिरवा रंग, वर बेगड. पिवळे गोंडे. कैऱ्याच्या अंगावर निळी झूल घातली आणि ऊन पडताच मथुराबाईला म्हणावं लागलं, "दिसते बाई. चांगली दिसते." नागोराव एका हातानं सगळं करत होता आणि तोंडानं पुटपुटत होता. मध्येच भिंतीपाशी जायचा, डाव्या हाताची बोटं भिंतीवर चढवायचा. कानापर्यंत जायची, तिथून खाली. पुन्हा चढवायचा.

मारुतीच्या देवळापुढं तोरण बांधलं होतं. डफडी वाजत होती. जोड्या एकीला एक लागून उभ्या होत्या आणि पोरं झाडांवर चढली होती. पोलीस पटेल उद्धवराव दोरीपाशी उभे होते. झडत्या झाल्या की त्यांनी तोरण तोडायचं.

नागोराव जोडी घेऊन आला तशी कुजबूज झाली. "आला. अरे, आला नागोराव." कोणी बाजूला सरून वाट दिली. कोणी डोळे वळवले.

चंपत त्याच्या समोरच्या बाजूला उभा होता. त्याचे गोंडे या वर्षीही लालच. तो पुढं झाला, छाती फुगवली आणि आवाज लावला:

"आभाय गडगडे, पाणी पडे रानात,
सारं गाव पोळ्याले, जोड्या झाल्या जमा,
नागो बसला गोठ्यात, बोळे घालून कानात,
झडती म्हणाले सांगा तं म्हणते मले द्या क्षमा!"

हर हर महादेव! डफडी कडाडली. लोक हसले, पण थोडे दबून. डोळे नागोरावकडं गेले.

नागोरावनं कासरा भूषणच्या हातात दिला. तोरणाच्या बरोबर खाली जाऊन उभा राहिला. दुपट्ट्यानं तोंड पुसलं. उजवा हात वर केला. डफडी थांबली. इतकी शांतता झाली की बैलांच्या घुंगरांचे मणी ऐकू येत होते.

त्यानं पहिली ओळ म्हटली.

कोणाला काही समजलं नाही. मागून कोणीतरी विचारलं, "काय म्हणते?" दुसरा म्हणाला, "जाऊ दे ना बावा, बोला हर हर महादेव." दोघं तिघं ओरडलेही, अर्ध्यावरच, सोडवून घ्यावं तसे. नागोरावचा हात हवेत तसाच राहिला. त्याची मान लाल झाली. मथुराबाई बायकांच्या घोळक्यातून पुढं यायला निघाली.

"चूप बसा रे!" चंपत गरजला. "झडती अर्धी कापता? लाज नाही?" मग तो गावाकडं वळला आणि आपल्या फाटक्या, मोठ्या आवाजात नागोरावची ओळ म्हणाला:

"डाक्टरनं छातीचं कातडं गालाले जोडलं!"

लोक चमकले. नागोरावनं चंपतकडं पाहिलं. चंपतनं हनुवटी उडवली. "म्हण पुढं. काय पाहतं?"

नागोरावनं दुसरी म्हटली. चंपतनं उचलली:

"तोंडाच्या वावरात केसाचं बी पडलं!"

आता हशा उठला. खरा, पोटातला. झाडावरची पोरं किंचाळली. "केस? तोंडात?" "अरे, ऐका!" डफडीवाल्यानं एक थाप मारली. नागोरावच्या अंगात वारं शिरलं. लाळ हनुवटीवर आली होती, ती त्यानं पुसली नाही. तिसरी ओळ त्यानं दोन्ही पायांवर नाचून म्हटली, आणि चंपतही तसाच नाचला:

"माह्या तोंडात पीक दाट, डवऱ्याले भेटंना वाट!"

मग चौथी. नागोरावनं ती बोट रोखून म्हटली. बोट चंपतकडं होतं.

चंपतनं तोंड उघडलं, आणि तसंच राहू दिलं.

"काय म्हणाला?" गाव ओरडलं. "चंपतबुवा, काय म्हणाला? सांगा!"

"काही नाही म्हणाला."

"सांगा! सांगा!"

नागोराव तोंड वाकडं करून हसत होता. दोन बोटं उघडणारं ते तोंड. चंपतनं त्याच्याकडं पाहिलं, मग आभाळाकडं, मग दोन्ही हात डोक्याला नेले आणि तांबडा दुपट्टा सोडला. इतक्या वर्षांत गावानं न पाहिलेली टाळू उन्हात घासलेल्या हंड्यासारखी चमकली. आणि त्यानं सगळ्या आवाजानिशी स्वतःवरची ओळ म्हटली:

"चंपतच्या डोस्क्यावर दुबार पेरलं, तरी रान सपाट!"

हर हर महादेव! देवळावरची कबुतरं उडाली. हर हर महादेव! उद्धवराव इतके हसले की त्यांच्या हातून दोरी आपोआप सुटली, तोरण खाली आलं आणि बैल उधळले. "हूंऽऽ!" नागोराव गळ्यातून ओरडला, आणि त्या गर्दीत, त्या डफड्यांत, हौश्या-कैऱ्यानं तो आवाज ओळखला. निळी झूल सगळ्यांच्या पुढं निघाली.

घरी बैलांची पूजा झाली. त्यांनी पुरण खाल्लं. मग माणसांची पानं पडली. चंपत उघड्या डोक्यानंच आला होता आणि भूषणच्या शेजारी बसला होता.

मीनलनं पुरणपोळी दुधात कुस्करून वाटीत घातली आणि सवयीनं गोठ्याकडं निघाली.

"सूनबाई," नागोराव म्हणाला. "इकडं आण. मले आवतन हाय."

तो चंपतच्या शेजारी मांडी घालून बसला. पहिला घास घेतला. थोडं दूध हनुवटीवरून सदऱ्यावर गेलं. चंपतनं आपला तांबडा दुपट्टा उचलला आणि त्याच्या मांडीवर टाकला.

"पुस," तो म्हणाला. "मले आता त्याचं काही काम नाही राह्यलं."